तळ्यापाशी थांबणारी गाडी

“मेलं न्हाई, दडलंय.” वठलेली बाभूळ दिसो की करपलेलं गवत, तो एवढंच म्हणायचा आणि दोन्ही हात मागं बांधून बघत राहायचा.

आमच्या दूध सोसायटीच्या गाडीवर तो ड्रायव्हर होता. जालन्याकडचा, ख्रिस्ती. मी सोसायटीचा सचिव. सकाळी कॅन भरले की गाडी मांजरसुंब्यावरून पाटोद्याच्या शीतकरण केंद्राकडं निघायची आणि वाटेत एका तळ्यापाशी थांबायची. रोज. ते दुष्काळाचं साल. केंद्रावर आमचं दूध पातळ भरू लागलं. आता तुम्हीच सांगा, दुधाची गाडी तळ्यापाशी थांबते आणि दूध पातळ निघतं, तर तुमच्या मनात काय येईल?

चेअरमननं त्याला विचारलंच. “काय बे, तळ्यावर कावून थांबतो?”

“पाखरं बघायला.”

“अन् दुधात पाणी कोण घालतंय?”

“साहेब, पाणी दुधापेक्षा म्हाग झालंय. कोण येडा दुधात घालंल?”

उत्तर इतकं सरळ होतं की आमचा संशय वाढला. चेअरमननं मला त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसवलं.

हिवाळ्यात तळ्यात थोडं पाणी शिल्लक होतं. चक्रवाकांची जोडी उतरायची. तो हनुवटीनंच दाखवायचा, बोट केलं तर उडतील म्हणून. माझं लक्ष पाखरांवर नव्हतं, कॅनच्या झाकणांवर होतं. होळीच्या सुमारास काटेरी कुंपणावर सापाची कात लोंबत होती. तो खाली उतरून म्हणाला, “बघा, जुनं अंगावेगळं करून नवा झाला. आमच्या शास्त्रात माणसाला हेच करायला सांगितलंय. सापाला जमतंय, मला अजून न्हाई.” मला वाटलं, आता हा मला बाटवणार. मी काच वर केली.

पुढं तळं पार आटलं. पाखरं गेली. तरी गाडी थांबायचीच. तो कोरड्या तळ्यात उतरायचा, एका चपट्या दगडापाशी गुडघे टेकायचा आणि जमिनीवर तळहात ठेवायचा. झालं! त्यानं काहीतरी पुरलंय, हे गावात पक्कं झालं.

ईस्टरच्या, म्हणजे येशू कबरीतून उठल्याच्या रविवारी तो बीडला चर्चला गेला होता. तेवढ्यात चेअरमननं दोन गडी लावून दगडाखालची जागा खणायला घेतली. मीही काठावर उभा होतो. हातभर खाली मातीचं एक ढेकूळ लागलं. फुटलं, तर आत मुठीएवढा बेडूक. डोळे मिटलेले.

“मेलाय,” एक गडी म्हणाला. तेवढ्यात बेडकानं पाय हलवला.

आम्ही वाकून बघत असताना तो आला. अंगात पांढरा सदरा, नुकताच धुतलेला. “तळं आटताना हितं शिरला होता,” तो म्हणाला. “पाणी आलं की आपणच निघाला असता. कावून उकरलं?” आवाजात राग नव्हता. तो ओंजळीत बेडूक घेऊन खाली बसला. खड्ड्यात ठेवला, आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि हातानं माती लोटली. सदरा मातीनं भरला.

चेअरमन माझ्या कानाशी लागला. “कायतरी भानगड हाय. बेडकापायी कुणी प्यायचं पाणी सांडतं व्हय?”

सोमवारी त्याला कामावरून काढलं. किल्ली टेबलावर ठेवून तो मला म्हणाला, “येतो साहेब,” आणि गेला.

नवा ड्रायव्हर कुठंच थांबत नव्हता, तरी दूध पातळच भरायचं. पुढं पाऊस झाला, तळ्यात बेडूक ओरडू लागले. आम्ही उकरलेला त्यांत होता की नाही, कोण सांगणार? जनावरांना हिरवा चारा मिळाला आणि दूध घट्ट झालं. तोवर ती उसाच्या वाळल्या वाढ्यावर, नुसत्या शेंड्याच्या पाल्यावर जगत होती. चेअरमननं विषयच काढला नाही. पण हे आमच्या जुन्या ड्रायव्हरच्या कानावर जावं, असं मला फार वाटत होतं. दिवाळीनंतर मी त्याचं गाव गाठलं.

त्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. “दूध सोसायटीतनं आलाव? आता कसला संशय हाय?”

मी चाऱ्याची हकिगत सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पायात चप्पल घातली आणि मला चर्चमागच्या दफनभूमीत नेलं. पावसाळ्यातच तो तापानं गेला होता.

आजूबाजूच्या सगळ्या कबरींवर फरश्या होत्या. याच्यावर नुसती मोकळी माती. माझा स्वभाव जातो कुठं? मी विचारलं, “फरशी कुणी उचलून नेली की काय?”

“न्हाई,” ती म्हणाली. “तेच म्हणले, फरशी घालू नका. उठताना अडचण नको.”