मामाच्या घोळक्यातली पन्नासावी

मामा गेला त्याला चार महिने झाले आणि आई अजून त्याच्यावर चिडलेलीच आहे. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर कसलं चिडायचं. त्यांना मामा माहीत नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमची लाँड्री खाली आणि तो वरच्या खोलीत. लग्न केलं नाही. का, तर म्हणे वेळ नाही मिळाला, जसं काही लग्न म्हणजे दाढ काढून घ्यायची होती. संशोधन करायचा तो, दीर्घिकांवर. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अख्खी वस्ती, आपल्या सूर्यासारखे कोट्यवधी तारे एकेकीत. आणि या दीर्घिकासुद्धा एकएकट्या राहत नाहीत, घोळक्याने राहतात. मामा कोणत्या घोळक्यात कोण कोण आहे ते मोजायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं हा रात्रभर गच्चीत दुर्बीण लावून बसत असणार. कसलं काय! दहाला घोरायला लागायचा. दुर्बिणी कुठे लांब डोंगरावर, फोटो कॉम्प्युटरवर यायचे, आणि हा दिवसभर खुर्चीत बसून ठिपके बघायचा. आई म्हणायची, "इस्त्री करणाऱ्याला निदान उभं तरी राहावं लागतं."

त्यातला एक घोळका मामाने स्वतः शोधलेला. चौदा वर्षं त्याच्या मागे. आमच्याकडे त्याला नावच पडलं होतं, मामाचा घोळका. जेवताना घोळका, चहा घेताना घोळका. आई कपड्यांच्या कॉलरला खुणेचा दोरा घालत असायची आणि हा बाजूच्या स्टुलावर बसून सांगत असायचा, आज एक वाढली, आज दोन कमी झाल्या. कमी कशा होतात हे आईला कळेना.

"काल होत्या ना? मग आज कुठे गेल्या, पळून?"

"नव्हत्याच त्या घोळक्यात. मधल्या मधे उभ्या होत्या. लांबून बघितलं की एकात एक दिसतं."

मग तो तिला गच्चीत घेऊन गेला. पुढच्या दोरीवर चादरी होत्या, मागच्या दोरीवर हॉटेलचे टॉवेल. दारात उभं राहिलं की सगळं एकाच दोरीवर असल्यासारखं दिसत होतं. "हे असं," मामा म्हणाला. "आकाशात जाऊन बघता येत नाही. मग मी काय करतो, एकेकीचा प्रकाश फोडतो, त्यात रेघा असतात, त्या लाल रंगाकडे किती सरकल्यात ते बघतो. जास्त सरकल्या तर लांबची, कमी सरकल्या तर जवळची. त्यावरून कळतं कोण कुठल्या दोरीवर."

आईला पटलं. तिच्याकडे एकदा डॉक्टरीणबाईंचा परकर पोस्टमास्तरांच्या गठ्ठ्यात गेला होता, दोन घरांत बोलणं बंद झालं होतं.

तर झालं असं, की जगभरच्या अशा लोकांनी मिळून सगळ्या मोठ्या घोळक्यांची एक यादी करायची ठरवली. नियम एकच. ज्या घोळक्यात कमीत कमी पन्नास दीर्घिका नक्की आहेत तोच यादीत. मामाकडे बत्तीस घोळके तयार होते. एकतिसांचं काही नाही, कोणात साठ, कोणात शंभर. आणि स्वतःच्या, चौदा वर्षांच्या घोळक्यात किती? एकोणपन्नास.

पन्नासावी होती, पण नक्की नव्हती. तिच्या अगदी शेजारी आपल्याकडचा एक भगभगीत तारा, त्याचा उजेड तिच्यात मिसळायचा आणि तिच्या रेघा वाचताच यायच्या नाहीत.

"मग धर की तिला," आई म्हणाली.

"नक्की नाही ना."

"नाही असं तरी कुठे नक्की आहे?"

"ताई, असं नसतं."

"कोण जाणार आहे रे तिथे मोजायला? कोण? मला एक माणूस दाखव."

मामा हसला. हे त्याचं हसणंच आईला सहन व्हायचं नाही.

त्याच वर्षी त्याचं हृदय बिघडलं. पायांना सूज, हातांना सूज, दोन जिने चढला की धापा. डॉक्टरने सांगितलं जिना बंद, तर आईने त्याचा पलंग खाली आणला, इस्त्रीच्या टेबलाच्या पलीकडे, मध्ये पडदा. बोटं सुजल्यामुळे त्याला टाईप होईना. मग आई बसायची. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई दोन बोटांनी टाईप करायची, तो आकडे सांगायचा. एक आकडा चुकला की हा पडद्यामागून ओरडायचा, आणि आई ओरडायची, "माझी इस्त्री तापलीय आणि तुझं पॉइंट शून्य चालू आहे!"

यादी बंद व्हायची तारीख ठरलेली. त्या एका दीर्घिकेसाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून मामाने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नाही आलं. एवढी लोकं रांगेत, एकीसाठी कोण वेळ देणार. शेवटी त्याची एक जुनी विद्यार्थिनी, आम्ही तिला चष्मेवाली म्हणायचो, आता परदेशात मोठ्या दुर्बिणीवर होती, तिने स्वतःच्या वाट्यातला थोडा वेळ काढून दिला. म्हणाली, "सर, बघते मी. ढग नसले तर मिळेल."

मग काय, आईच घोळक्याच्या मागे लागली. सकाळी उठलं की पहिला प्रश्न, "आला का निरोप?" गिऱ्हाइकांना सुद्धा सांगत सुटली, आमच्या भावाची पन्नासावी यायचीय. एकीने तर पेढ्यांबद्दल विचारलं, तिला वाटलं वाढदिवस आहे.

निरोप आला तो यादी बंद व्हायच्या दिवशी दुपारी. आईने चष्मा पुसून आकडा वाचून दाखवला. मामा डोळे मिटून ऐकत होता. एकदा ऐकलं, म्हणाला परत वाच. परत वाचलं.

"नाहीये," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"पुढच्या दोरीवरची आहे ती. बरीच अलीकडची. अगं, काय स्वच्छ रेघा आल्यात, बघ ना!" आणि तोंड असं खुललेलं, जसं काही लॉटरी लागली.

आईने चष्मा काढला. चौदा वर्षं! "आणि तू हसतोस?"

"कळलं ना शेवटी."

मग तो म्हणाला, "ताई, आता ती ओळ पुसून टाक, अख्ख्या घोळक्याची. आणि बाकीचे एकतीस पाठव. चार वाजेपर्यंत."

तीन वाजले होते. आईने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बंद केला.

"नाही पाठवणार."

"ताई."

"ताई नाही न् बिई नाही. ती पन्नासावी राहू दे. तुला, मला आणि त्या चष्मेवालीला माहीत. चष्मेवाली तुझ्यासाठी तोंड शिवून बसेल. मी विचारू का तिला?"

"विचारू नकोस."

"चौदा वर्षं रे! माझं डोकं खाल्लंस, स्वतःचं हृदय खाल्लंस, आणि शेवटी काय, स्वतःच्या हाताने नाव कापायचं? बाकी एकतीस तू मोजलेस पण शोधले दुसऱ्यांनी. हा एकच तुझा. हा गेला तर तुझं काय राहिलं?"

मामा उशीला टेकला. श्वास पुरत नव्हता त्याला. आईने लॅपटॉप सोडला नाही. बाहेर गिऱ्हाईक हाक मारून मारून निघून गेलं. साडेतीन झाले.

मग मामा हळूच म्हणाला, "तू डॉक्टरीणबाईंचा परकर परत आणायला स्वतः गेली होतीस. पोस्टमास्तरांकडे गेलाय तर तिथेच राहू दे, असं म्हणालीस का?"

"परकराचं वेगळं!"

"काय वेगळं?"

आईला असा राग आला की कानशिलं लाल. तिने लॅपटॉप उघडला, ती ओळ पुसली, पुसताना आणखी एक ओळ पुसली गेली, मामा ओरडला, तिने ती परत घातली, शिव्या देत देत बटण दाबलं. चारला सात मिनिटं कमी होती. "झालं समाधान?" म्हणाली. "चहा घे आता, मुकाट्याने." मामाने अर्धा कप घेतला.

त्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला. त्याच्या संशोधन संस्थेतली माणसं आली, किती प्रामाणिक, किती साधे, असं बोलत बसली. आई म्हणाली, "तुम्हाला बरं आहे, तुम्हाला त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं." माणसांनी चहा घेतला आणि निघाली.

यादी छापून आली. एकतीस घोळक्यांपुढे मामाचं नाव आहे, बारीक अक्षरात. आईने भिंगातून दोनदा बघितलं आणि कपाटात टाकलं.

मागच्या आठवड्यात चष्मेवालीचा फोन आला. आवाज रडवेला. म्हणाली, "काकू, एक सांगायचं होतं. पुढच्या वर्षी यादी नव्याने निघणार आहे. सरांच्या घोळक्याच्या कडेला एक अंधुक दीर्घिका दिसतेय. मला जवळजवळ खात्री आहे. ती धरली की पन्नास होतात. घोळका सरांच्या नावाने येईल."

आईच्या हातात गरम इस्त्री होती, ती उभी करून ठेवली.

"रेघा बघितल्यास?"

"अजून नाही. वेळ मिळाला नाही दुर्बिणीवर. पण काकू, सगळे तयार आहेत, सरांसाठी म्हणून..."

"रेघा बघितल्या नाहीस आणि धरतेस?"

"काकू, कोण तपासायला जाणार आहे..."

आणि मग आईचा जो तोल सुटला! अख्खी गल्ली ऐकत होती. "मला विचारतेस कोण जाणार? मला? अगं, त्याने माझ्या हातून पुसून घेतलंय ते, साडेतीन वाजता, श्वास पुरत नव्हता तेव्हा! आणि तू सरांसाठी म्हणून धरतेस? आधी वेळ माग. अर्ज कर. नाही मिळाला तर परत कर. रेघा आल्या की तू आणि आणखी एकाने वेगवेगळं बघायचं आणि मग मला फोन करायचा. नसेल तर नसेल म्हणायचं. कळलं?"

मग चष्मेवाली म्हणाली, "हो काकू."

"आणि जेवत जा वेळेवर," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग इस्त्री उचलली आणि शर्टाच्या बाहीवर इतकी जोरात फिरवली की टेबल हाललं. "मेला," म्हणाली, "स्वतः गेला आणि हे माझ्या गळ्यात."