दाराबाहेरचे बूट

सरहद्दीवरच्या बर्फात माझी पहिली पोस्टिंग झाली, तेव्हा बंदुकीपेक्षा फोडणीवर माझा हात चांगला बसला होता. मी शहापूरच्या विणकराचा मुलगा. थंडी म्हणजे पहाटे मागावर बसताना बोटं आखडतात ती, एवढीच माझी ओळख. टेहळणीच्या पोस्टवर आम्ही तिघंच. नाईक परशराम गुंजीकडचे शेतकरी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. शिपाई मारुती मच्छे गावचा, टेलिफोन त्याच्याकडे. स्वयंपाक माझ्याकडे, कारण नेमबाजीत माझा नंबर खालून पहिला.

दगडी बंकर, आत स्टोव्ह. पहिल्याच दिवशी मी हुकूम सोडला, "बूट बाहेर. चुलीपाशी जोडं चालायचं न्हाय."

मारुती हसला. "लान्स नाईक बी न्हाईस, आन् ऑर्डर देतोस व्हय रं?"

आप्पांनी मुकाट्यानं बूट काढले. "अन्न हाय, मारुती. काढ."

आठ दिवस असंच चाललं. जेवताना बूट दाराबाहेर, जेवण झालं की आत.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना वरच्या उतारावरचा बर्फ घसरला आणि दार बुजलं. फावडंही बाहेरच. ताटल्यांनी उकरून वाट केली. बूट कुठं गाडले गेले होते, कळेना. आप्पा नुसत्या मोज्यांवर खणत राहिले.

"आप्पा, आत या!" मी आतून ओरडलो.

"तुमचं बूट हुडकाया पायजेत रं."

बूट सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला. लाकडासारखे. आठ वाजता टेलिफोन वाजला. "पोस्ट सोडा. दोनच्या आत खिंड पार करा. नंतर वाट बंद."

उरलेल्या रॉकेलवर बूट शेकले. माझे आणि मारुतीचे पायात गेले. आप्पांचे पाय लई सुजले होते. बूट सुरीनं चिरले, तरी जाईनात. पायांना ब्लँकेट गुंडाळून आठ-चाळीसला निघालो.

साडेबाराला आप्पा खाली बसले. "तुम्ही व्हा फुडं. ऑर्डर हाय."

"आप्पा, ऑर्डर ऐकणारा असतो तर एव्हाना हवालदार झालो असतो," मी म्हणालो.

त्यांना ग्राउंडशीटवर घेतलं आणि दोघांनी ओढत नेलं. मारुती सारखा घड्याळ बघायचा, मी सारखा मागं बघायचो. एक-पन्नासला खिंड ओलांडली. खाली स्ट्रेचर तयार होतं.

तंबूत मी आप्पांना चहा पाजला. माझ्या पायांतल्या बुटांकडं बघून ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे घातल्यालं. हितं चूल न्हाय."

गोठलेल्या पायांचं विष अंगात चढलं आणि चौथ्या दिवशी ते गेले.

सुट्टीवर आलो तेव्हा गुंजी स्टेशनवर उतरून त्यांच्या घरी गेलो. आप्पांच्या पत्नींनी एकच विचारलं, "तिकडं त्यास्नी वेळच्या वेळी जेवाय मिळत हुतं का?"

"व्हय, आक्का. मीच करून घालत हुतो."

त्यांनी मला हात जोडले. बुटांचं काही मला सांगता आलं नाही. नाईक परशराम यांची मुलं आता वाचण्याएवढी मोठी झाली असतील. त्यांच्यासाठी हे लिहिलं.