साडभाऊंच्या गाण्यातलं झुडूप

वाघाला भिणारी माणसं आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात घरटी चार सापडतील, पण वाघाला भीत भीत उभा जन्म जंगलात गाण्यांचे व्हिडिओ काढणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. आम्ही एकाच गावात, दोन घरं सोडून राहतो. गाव सिंदेवाहीकडचं, जंगलाला इतकं लागून की परसात गेलेला माणूस दहा मिनिटांत परतला नाही तर हाका सुरू होतात. अशा गावात साडभाऊ घाबरट निघाले यात नवल नाही. नवल हे की गाणं म्हटलं की त्यांना जंगलच लागायचं. "भिताडासमोर गाणं कोण पाह्यते, मास्तर?" असं मला विचारायचे, आणि विचारतानाही त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागच्या कुंपणात काही हलतंय का ते बघत असायचे.

व्हिडिओगाण्यांचा सगळा इतिहास मी साडभाऊंच्या भीतीतून शिकलो. सुरुवातीला ते लग्नाच्या कॅसेटी काढत. खांद्यावर पोत्याएवढा कॅमेरा, आणि वरात संपली की नवरा-नवरीला सागाखाली नेऊन कुठल्या तरी उसन्या गाण्यावर चालायला लावायचं. मग सीडीचे अल्बम आले. गाणं आपलं, नटनट्या आपल्या, विक्री यात्रेत. पुढे मोबाइलच्या दुकानात गाणी कार्डात भरून मिळू लागली, मग यूट्यूब आलं, आणि आता रील. लोकांना यात प्रगती दिसते. साडभाऊंची दृष्टी वेगळी. "कॅसेटच्या टायमाले सात मिनिटं जंगलात उभं राहा लागे, अल्बममंदी पाच, आता तीस सेकंद. सुधारणा म्हणतात ते हेच व्हय, मास्तर." कॅमेरा लहान झाला याचाही आनंद त्यांना एवढ्याचसाठी की तो घेऊन पळता येतं.

त्यांची गाणी ओळखायची एक खूण होती. नायक-नायिका नाचत असत आणि साडभाऊंचा कॅमेरा हळूहळू त्यांच्यावरून घसरून मागच्या झुडपात जाई. एका गाण्यात नायिका लाजते, ते आजवर कोणालाच दिसलेलं नाही. करवंदाची जाळी मात्र सगळ्या बाजूंनी दिसते. गडचिरोलीच्या एका रसिकानं यूट्यूबवर त्याखाली लिहिलं होतं की झुडपाचं काम छान झालं आहे. दुसरा नेम स्पीकरचा. नाचणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून शूटिंगला गाणं मोठ्यानं लावतात. साडभाऊ ते वाघाला ऐकू यावं म्हणून लावत. शिदोरी सोडली तरी स्पीकर बंद नाही. शूटिंग रविवारी, माझ्या शाळेला सुट्टी असताना असे, म्हणून स्पीकरजवळ बसायचं काम माझ्याकडे. एकदा डोकं दुखतं म्हणून मी आवाज जरा कमी केला, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा या सगळ्याचं फार हसू यायचं.

मग तो मोहाचा हंगाम आला. शेजारच्या गावची एक बाई फुलं वेचताना वाघानं नेली होती. तरी बायका जातच होत्या, कारण मोह काही आठवडेच गळतो, तो कोणासाठी थांबत नाही. साडभाऊंची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, त्यांतलीच. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. बाईंनीच हट्ट धरला, "साऱ्या दुनियेचे गाणे काढता, आमच्या मोहाचं काऊन नाई काढत?" साडभाऊंनी तीन दिवस पोटदुखी काढली, चौथ्या दिवशी औषध संपलं.

सकाळी आठचा सुमार. स्पीकरवर गाणं लागलेलं. मोहाखाली बाई एकट्याच ओणव्या होऊन टोपलीत फुलं टाकत होत्या. सोबत आलेल्या बाकी चौघी बायका अजून आमच्या गाडीजवळ, आमच्या बाजूला. कॅमेरा नेहमीप्रमाणे बाईंवरून घसरला, मागच्या झुडपावर गेला आणि तिथेच थांबला. साडभाऊंचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांच्या खांद्यावरून त्या छोट्या पडद्यात पाहिलं. वाळकं गवत होतं. मग त्या गवतातला एक कान हलला.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ओणवा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, आणि पळणारा तर शिकारच. आम्ही ओरडलो असतो तर बाई पळाल्या असत्या. आणि हा माणूस, ज्यानं मांजर आडवं गेलं म्हणून शूटिंग रद्द केलेलं मी पाहिलंय, तो नेहमीच्या चिडक्या सुरात म्हणाला,

"अवं, उभी राह्य. सरळ. हात वर कर. मांगं नोको पाहू, माह्याकडं पाह्य. ठेक्यावर हळूहळू इकडं ये."

"टोपली इथीच ठेवू का?"

"राहू दे टोपली. गाणं चालू हाये."

बाई हात वर करून, एकेक पाऊल टाकत निघाल्या. निम्म्यात आल्या आणि गाणं संपलं. ते पुन्हा लावायला मी हात पुढे केला, पण नजर गवतावरून हटेना आणि बटण सापडेना. सगळं जंगल गप्प झालं. बाईही थबकल्या. मागचं गवत दुभंगलं. तेव्हा साडभाऊ गाऊ लागले. भसाडा, बेसूर आवाज, पहिल्या कडव्याला तिसऱ्याचे शब्द, पण बेंबीच्या देठापासून. चौघी आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून त्याही गाऊ लागल्या, मीही गाऊ लागलो. वैतागलेल्या तोंडानं नाचत नाचत बाई आमच्यापर्यंत पोचल्या. गाडीत बसून काचा वर केल्यावर साडभाऊ ढसाढसा रडले. बाई त्यांना हलवून विचारत होत्या, "रडता काऊन? माहा नाच चुकला का?"

दुपारी वनरक्षकानं जाऊन पाहिलं. झुडपामागून निघालेले पंज्यांचे ठसे थेट बाईंच्या टोपलीपर्यंत आले होते. म्हणजे आम्ही गात होतो तेव्हा तो चालत होता.

ते शूटिंग साडभाऊंनी कोणालाच दाखवलं नाही, आणि त्यानंतर दुसरं केलंही नाही. आता गावातली पोरं आपली गाणी आपल्याच मोबाइलवर काढतात. मला मात्र साडभाऊंची ती झुडपं फार आठवतात. मोह दरवर्षी गळतो आणि बाई दरवर्षी जातात. त्यांना थांबवणं कोणाला जमलेलं नाही. साडभाऊ सोबत जातात, बाईंकडे पाठ करून उभे राहतात आणि झाडीवर नजर ठेवून मोठमोठ्यानं गातात. ते गाणं आमच्या अंगणापर्यंत ऐकू येतं. मी आणि बायको ओट्यावर चहा घेत ऐकत बसतो. कधी कधी श्वास घ्यायला ते मध्येच थांबतात. तेवढा वेळ आमचे कप हातातच राहतात.