गेटचं पान

आमच्या तांड्यावरून ऊसतोडीला जातात ते जोडीनं. दोन माणसं मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावर वाहायची. आमच्या घरचा कोयता म्हणजे बा आणि याडी. याडी म्हणजे आई. घरात आम्ही आमची गोरमाटी बोलायचो, इथं मराठीत लिहिते एवढंच. त्या साली याडी बैलगाडीवरून पडली. मनगट मोडलं ते धड बसलंच नाही. मग बासोबत आम्हा दोघी बहिणींतली एक जाणार, हे कुणी न बोलताच ठरलं. मी बारावीला, धाकटी दहावीला. जी जाईल तिची परीक्षा बुडणार होती, आणि एकदा बुडाली की आमच्याकडच्या पोरी परत शाळेची पायरी चढत नाहीत, हे दोघींनाही पक्कं माहीत होतं.

बा शाळेत गेला नव्हता, पण माणूस इन्साफाचा. म्हणाला, "थोरली म्हणून ठेव, धाकटी म्हणून ठेव, असलं मला जमणार न्हाई. जिला जास्त येतं ती राहील." आता जास्त कुणाला येतं हे त्यानं मोजायचं कसं? तर हा भला माणूस साखरा गावच्या बाजाराला गेला तेव्हा माझी डिक्शनरीच पिशवीत घालून घेऊन गेला. तिथं माझ्या इंग्रजीच्या सरांना गाठून विचारलं, यातला सगळ्यात मोठा शब्द कोणता? सरांनी 'गेट' दाखवलं. जी-ई-टी, तीन अक्षरांचं क्रियापद, पण अर्थांनी अख्खं पान खाल्लेलं. बा खूश झाला. ज्याला इतकी जागा लागते ते भारीच असणार, असा त्याचा हिशेब. शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, तिथं त्यानं सरांकडून शिसपेन्सिलीनं खुणा करून आणल्या. आम्हाला आठ दिवस दिले.

डिक्शनरी एकच. सकाळी तिच्याकडं, दुपारनंतर माझ्याकडं. मी डोळे मिटून घोकत बसायची. मिळणे, आणणे, होणे, पोचणे. धाकटी घोकायचीच नाही. पाण्याचा हंडा भरून आणताना म्हणायची, "बाई, आपुन पाणी आणून राहिलो ना, हेबी गेटच की!" थोरल्या बहिणीला आमच्यात बाई म्हणतात. मग याडीचा हात बरा होणं गेट, पावसात भिजणं गेट, सरांचा विनोद उशिरानं ध्यानात येणं तेही गेट. मला असा संताप यायचा! "शानपणा करू नको, मुकाट्यानं पाठ कर," म्हणून खेकसायची मी. खरं सांगू का? तिला ते कळून राहिलं होतं आणि मला नुसतं पाठ होत होतं. हे मला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं, म्हणून तो संताप.

रविवारी सकाळी बा ओट्यावर बसला. शेजारची चार माणसं गंमत बघायला आली. बानं मांडीवर पान उघडलं आणि वरच्या खुणेवर बोट ठेवलं. बोट खालच्या खुणेपर्यंत जाईस्तोवर जी न अडकता बोलेल ती जिंकली.

आधी धाकटी. ती एक अर्थ सांगायची, मग थांबून विचार करायची आणि त्याचं वाक्य बनवायची, तेही आमच्याच घरातलं. बा लवकर उठतो. याडी लवकर थकते. ती थांबली की बाचं बोटही थांबायचं आणि कपाळाला आठी पडायची. त्याला वाटायचं, पोरगी अडकली. "लई वेळा अडकलीस गं," तो हळूच म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं.

मग मी. धडाधड सुरू केलं. निम्म्या पानावर आले आणि पुढचं काही आठवेना. डोकं कोरं. बोट मात्र खाली सरकतच होतं. ते थांबायच्या आत मी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तेच अर्थ, त्याच सुरात, दम न घेता. बोट खुणेला टेकलं तशी मी गप्प झाले. "अरे बाप रे, पोरगी हाय का मशीन!" कुणीतरी म्हणालं. धाकटी माझ्याकडं बघत होती. तिनं ओळखलं होतं. ती एक शब्द बोलली असती तर खेळ तिथंच खलास होता. ती बोलली नाही.

दिवाळी झाली आणि ट्रक आला. याडीचा कोयता घेऊन धाकटी वर चढली. मला रडू आलं नाही. लाजही वाटली नाही. जीव भांड्यात पडला असंही नाही. हातावर झोपल्यावर हात जसा होतो तशी मी सगळी झाले होते, आणि घरात जाऊन भाकरी खाल्ली.

मी बारावी झाले, पुढं शिकले, आता हिंगोलीत पोरांना इंग्रजी शिकवते. धाकटी परत शाळेत गेली नाही. आता ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते. ती माझ्यासाठी गप्प बसली, हे मी मनाशी धरून होते. दर दिवाळीला तिला भारीतलं लुगडं न्यायचे. तिचे उपकार आठवले की निदान काहीतरी वाटल्यासारखं व्हायचं.

मागच्या वर्षी बा गेला. तेराव्याचं जेवण उरकल्यावर आम्ही दोघी मागं भांडी घासत होतो. चौदा वर्षांनी मी तोंड उघडलं. "त्या दिवशी मला अर्धंच येत होतं. मी परत पहिलंच म्हणले."

"म्हाइत हाय."

"मग बोलली काहून न्हाईस?"

ती पातेलं घासतच राहिली. "बा किती मन लावून बोट फिरवत होता. एवढी माणसं बसलेली. पोटच्या पोरीनं डोळ्यादेखत फसवलं, हे त्याला चारचौघांत कळलं असतं. मान खाली गेली असती त्याची." मग म्हणाली, "तुझं तर माझ्या मनातबी आलं न्हाई, बाई."

मी तिच्याकडं बघितलं. ती रागानं बोलली नव्हती. मला वाटलं, आता तरी आत काहीतरी हलेल. मी वाट बघितली. मग तिनं पुढं सरकवलेलं पातेलं मी विसळून पालथं घातलं.