पोस्टरवरचे हात

उन्हात तापलेल्या नव्याकोऱ्या फ्लेक्सला एक उग्र, गोडसर वास येतो. लातूरच्या आमच्या चौकात परवा तो पुन्हा दरवळला आणि मला रशीदाभाभी आठवली.

घरोघरी जाऊन बांगड्या भरणारी ही बाई गेल्या महापालिकेला अपक्ष उभी राहिली, तेव्हा मजकूर लिहून द्यायला मी, मराठीचा मास्तर, मोठ्या हौसेनं सरसावलो. प्रचाराच्या भाषेचा मोह किती अनावर असतो म्हणून सांगू! ‘धडाडीच्या, कर्तव्यदक्ष, विकासाचा ध्यास घेतलेल्या’ अशी विशेषणांची माळच ओवली. फ्लेक्सवाल्यानं तिचा चेहरा संगणकातल्या तयार देहावर चिकटवला: जरीकाठाची साडी, मागे निळंशार आकाश, पुढे जोडलेले गोरेपान, नितळ हात.

प्रचाराचे मोजकेच दिवस उरले होते. भाभीनं नमुन्यातल्या हातांवर बोट ठेवलं.

“तोंड माझंच हाय, सर. पण हात कुणाचे हो? बाया मला हातावरनं वळखतात. बांगड्या भरताना माझ्या तोंडाकडं कोण बघतंय?”

मी मनातून ओशाळलो. काचेच्या चिरांनी भरलेली तिची बोटं मी इतकी वर्षं माझ्याच ओसरीवर पाहिली होती. उसने हात तिनं ओळखले. माझ्या उसन्या शब्दांना मात्र भिडेपोटी नुसती हसली होती. मत मागायचं तर आधी स्वतःला पुसून टाकायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं?

तिच्या दारातच, तिच्या खऱ्या हातांसकट नवा फोटो काढला. मी सगळी विशेषणं खोडली आणि तिच्याच तोंडचं वाक्य ठेवलं: ‘बायांनो, वळखलं ना?’ चौकात बायका थबकायच्या, ती बोटं बघून खुदकन हसायच्या. वाटलं, जिंकतेय!

ती हरली.

निकालानंतर ती माझ्या पत्नीला बांगड्या भरायला आली, तेव्हा मी उगाच पेपर चाळत बसलो. पत्नीचा हात हळुवार दाबत तीच म्हणाली, “हरले तर हरले, सर. पण मलाच पाडलं ना बायांनी? भिंतीवर ती दुसऱ्या हातांची असती, तर मला पाडलं का तिला, कसं कळलं असतं?” एकही बांगडी पिचू न देता तिनं डझन भरला.

परवा चौकात कुणा नव्याच उमेदवार बाईंचा फ्लेक्स चढत होता. मी थांबून आधी हातांकडे पाहिलं. गोरेपान, नितळ, तेच हात होते. वरच्या त्या अनोळखी चेहऱ्याची मला उगाच माया आली.