आबांच्या फ्रिजमधल्या सहा नळ्या

वैशाखातल्या एका मंगळवारी दुपारी आबा जळगावच्या दवाखान्यात वारले. असोद्याचे आबा धुळ्याला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत; बुरशी हा त्यांचा खास अभ्यास. मी तिथला ग्रंथपाल. पुस्तकांना बुरशी लागली की मी औषध मारायचो आणि ते म्हणायचे, “भाऊ, तुमचं-माझं जमलं हेच नवल.”

दोन वर्षांपूर्वी त्यांनी हिमाचलातून एका देवदाराच्या सालीखालचे भुंगेरे आणले. हा भुंगेरा झाड पोखरताना अंगावरून बुरशी नेतो, बोगद्यात ती रुजते आणि त्याची पिल्लं तिच्यावरच वाढतात. “शेतकरीच आहे तो,” आबा म्हणायचे. ही बुरशी आजवर कुणी नोंदवलेली नव्हती. तिचं वर्णन लिहायला त्यांनी वर्ष घातलं. नुसत्या रंगावर आठवडा गेला. केळीचा चीक कपड्यावर वाळला की जो तपकिरी डाग उरतो, तोच हा रंग, पण परदेशी वाचकाला चीक कसा सांगायचा... मूळ नमुना संग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक छापल्याशिवाय नव्या जातीचं नाव मान्य होत नाही. मार्चमध्येच पाठवा, असं मी सुचवलं होतं. थंड डोंगरातला जीव आपल्या उन्हात कुरिअरच्या गाडीत शिजून जाईल, पाऊस पडू द्या, म्हणाले. ती बुरशी वाढवलेल्या सहा नळ्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये राहिल्या. तो देवदार तोवर रस्त्यासाठी तोडला गेला होता.

दवाखान्यातून त्यांनी मला लेखाचे कागद आणायला पाठवलं. सुट्टी होती, कॉलेजात कुणी नव्हतं. प्रयोगशाळेतून कागद घेतले आणि दार ओढण्याआधी मेन स्विच पाडला. ग्रंथालय बंद करताना तीस वर्षं हेच करत आलोय... कागद हातात घेताच त्यांनी विचारलं, “फ्रिज चालू आहे ना?”

“हो,” मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

तेराव्यानंतर प्रयोगशाळा उघडली. सहाही नळ्यांत आपल्याकडची काळी बुरशी माजली होती. आबांची कुठेच नव्हती.

असोद्याला जाऊन वहिनींना सांगितलं.

“त्यांना कळलं नाही ना?”

“नाही.”

“मग कोणाला सांगू नका, भाऊ.”

त्यांचा शब्द मी मोडतो आहे. आबांना साधा नमुना सांभाळता आला नाही, असं कॉलेजात बोललं जातं. नमुना त्यांनी सांभाळला होता. घालवला मी.

वर्णनाची अकरा पानं माझ्याकडे आहेत. नमुन्याच्या क्रमांकाची जागा कोरी आहे.