डाव्या गुडघ्यावरचा बिब्बा

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करत होते. नात शेजारी येऊन माझ्यासारखीच पाय पसरून बसली, आणि सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मला एकदम बिब्ब्याच्या तेलाचा जळका वास आला.

लहानपणी पारनेरला आत्याच्या स्वयंपाकघरात मीही अशीच तिला चिकटून बसले होते. तिचे गुडघे झिजलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. सुईला टोचलेला बिब्बा तिनं दिव्यावर तापवला, चाचपडत दुखरा गुडघा शोधला आणि चटका दिला. तो गुडघा माझा होता. भीतीनं मी फ्रॉकचा घोळ दातांत दाबून धरला.

आत्यानं मात्र डोळे मिटून लांब श्वास सोडला. "गेली बाई कळ! लई बरं वाटलं," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार न घेता उठली.

पुढं कित्येक वर्षं मी हा किस्सा हसत सांगायचे. आता दुखतं ते नेमकं त्या काळ्या डागाखाली.

"आजी, कुठं दुखतं गं?" नातीनं विचारलं. दाखवायला मी हात पुढं केला आणि तो तिच्या गुडघ्यावर टेकला. "ऊठ, आत जा!" मी जोरात ओरडले. ती रडत आत पळाली.

माझी कळ थांबली होती.